चारशे सह्या झाल्या, पण मागायचं नेमकं काय?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी दहावीत. स्नेहसंमेलनातल्या नाचाचे फोटो शाळेने आपल्या फेसबुक पानावर टाकले होते. वर्गातल्या तीन मुलांनी त्यातला तिचा चेहरा उचलला, एका अ‍ॅपवर तिचे नग्न फोटो तयार केले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवले. मैत्रिणीने सांगितलं तेव्हा घरी कळलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बोर्डाचं वर्ष आहे, आपसात मिटवून टाकू." पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज ठेवून घेतला आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस शाखेत जायला सांगितलं. तिथून उत्तर मिळालं, आधी तुमच्या ठाण्यात गुन्हा नोंदवा. मुलीचा फोन घरच्यांनी काढून घेतला आहे. या ताईंनी गावातल्या इतर आयांना जमवून सह्या गोळा केल्या, चारशेच्या वर झाल्या. मागण्या दोन : अठरा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर पूर्ण बंदी, आणि असे फोटो बनवणाऱ्यांना जन्मठेप देणारा महाराष्ट्राचा वेगळा कायदा. "असल्या गोष्टीला आपल्याकडे कायदाच नाही, म्हणून सगळे हात वर करतात," असं त्या लिहितात. नवऱ्याचं म्हणणं, "कायदे दिल्लीत होतात. इथे फक्त आपल्या पोरीची चर्चा होईल." मुलगी काहीच बोलत नाही. त्या विचारतात, "मी लढू की गप्प बसू?"

उत्तर

प्रिय ताई,

गप्प बसू नका. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी तुम्हाला मागे ओढते आहे असं वाटायला नको. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला तपासून घ्यायचं आहे. "कायदाच नाही" हे ते वाक्य. कायदा आहे, ताई. तुमच्या दारापर्यंत तो आला नाही, हे खरं दुखणं आहे.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली तेव्हा संगणकावर तयार केलेलं, खऱ्या मुलापासून वेगळं ओळखू न येणारं चित्र आणि फेरफार करून मुलाचं भासवलेलं चित्र, दोन्ही व्याख्येत आली. हे कपडे उतरवणारे अ‍ॅप शाळकरी पोरांच्या हातात येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. मुलाच्या शरीराचं खरं किंवा बनावट चित्रण वापरण्याची धमकी देणं हा त्याच कायद्याच्या कलम ११ खाली लैंगिक छळ ठरतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७-ब आहे. मुलांचं अश्लील चित्रण बनवणं, पसरवणं, डाउनलोड करणं, सगळं त्यात येतं आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद नि दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असं चित्रण नुसतं फोनमध्ये ठेवणं, बघणं हा गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

आता मुख्याध्यापकांकडे वळू. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलाविरुद्ध असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खबर मिळूनही ती नोंदवून न घेणाऱ्यालाही तेच कलम लागू होतं, मग तो खाकी वर्दीतला का असेना. "आपसात मिटवू" हा वडीलकीचा सल्ला नव्हता, अंगावरची कायदेशीर जबाबदारी झटकणं होतं. हे त्यांना शांतपणे, पण लेखी सांगा. आपल्याकडे तोंडी बोलण्यावर कुणी हलत नाही. आवक-जावक नोंदीत शिक्का पडला की कागद बोलायला लागतो.

म्हणून मोहिमेच्या आधी हे करा. तुमच्याच पोलीस ठाण्यात पुन्हा जा, आणि या वेळी साध्या तक्रार अर्जावर परत येऊ नका. प्रथम खबर (एफआयआर) नोंदवा असं म्हणा आणि अर्जात पॉक्सोचा उल्लेख स्पष्ट करा. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे वर्ग करता येते, आणि खबरेची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. नाहीच नोंदवली तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही हालचाल झाली नाही तर न्यायालय आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाका. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन बालकल्याण समितीपर्यंत पोचवते. मुलीला जबाबासाठी ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवतील ही भीती असेल, तर हेही माहीत असू द्या : तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि वर्दी न घालता.

एक फार जपायची गोष्ट. ते फोटो तुमच्या कुठल्या आयांच्या ग्रुपवर "बघा किती हलकट पोरं आहेत" म्हणून फिरत असतील तर आजच थांबवा. चांगल्या हेतूने पाठवले तरी मुलीसाठी तो आणखी एक प्रसार असतो आणि पाठवणारी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. पुरावा म्हणून जे आहे ते एकाच फोनवर राहू द्या : ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो. ते पोलिसांना दाखवायचं, दुसऱ्या कुणालाही नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवर फोटो चढले असतील तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. २०२१ च्या नियमांनी अशा तक्रारीवर २४ तासांत फोटो हटवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं होतं, आणि फेब्रुवारी २०२६ पासून ही मुदत दोन तासांवर आली आहे. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही आहे. तिच्यात फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद ग्रुपमध्ये हे चालत नाही, पण बाहेर पसरण्याला आळा बसतो.

आता तिच्याबद्दल. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं एकही वाक्य नाही. तिला न्याय हवा आहे का, कसा हवा आहे, सह्यांच्या कागदावर काय लिहिलंय हे तिने वाचलंय का, काहीच कळत नाही. तिचा फोन मात्र काढून घेतलेला आहे. ताई, गुन्हा तीन मुलांनी केला आणि फोन गेला तिचा. तुम्ही तो काळजीपोटी घेतलात हे मला कळतं, पण तिच्या मनात याचा अर्थ "चूक माझी होती" असाच उतरणार. गावातल्या बाकीच्या मुलीही बघताहेत. सांगितलं की फोन जातो, वर्षही जाऊ शकतं, हे एकदा त्यांना कळलं की पुढची मुलगी सांगणारच नाही. ज्या मैत्रिणीने धीर करून तुम्हाला सांगितलं, तिचं तुम्ही कौतुक केलंत का? या सगळ्या प्रकरणात योग्य वागणारी ती पहिली व्यक्ती होती.

फोन परत द्या. मग तिच्याशी बसून विचारा की मोहिमेत तिची गोष्ट कितपत यावी. "अजिबात नको" म्हणाली तर ते शेवटचं समजा. मोहीम तिच्याशिवाय चालू शकते, चालली पाहिजे. पीडित मुलाची ओळख, म्हणजे नाव, शाळा, फोटो, घरचा पत्ता, माध्यमांत उघड करणं पॉक्सोने मुळातच मना केलं आहे. तुमच्या गावात 'अमुकची आई' म्हणून तुम्ही मंचावर उभ्या राहिलात की ओळख फुटलीच. तुमचे यजमान एवढ्यापुरते बरोबर आहेत. तेव्हा व्यासपीठावर दुसऱ्या कुणी आईने, निवृत्त शिक्षिकेने, वकीलबाईंनी बोलावं आणि तुम्ही मागे राहून कागद सांभाळावेत, असं मी सुचवेन. ती झोपत नसेल, जेवत नसेल, तर १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं. अभ्यासाच्या वेळापत्रकापेक्षा हे आधी.

आता तुमच्या दोन मागण्या.

बंदीचं बघू. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी समाजमाध्यमांच्या खात्यांवर बंदीचा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागूही झाला. वय तपासण्याची जबाबदारी त्यांनी आईबापांवर टाकली नाही, कंपन्यांवर टाकली आणि दंड जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत ठेवला, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. पण व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपांची माध्यमं त्या बंदीतून वगळलेली आहेत. तुमच्या मुलीचे फोटो फिरले ते व्हॉट्सअ‍ॅपवर. चेहरा उचलला तो तिच्या खात्यावरून नव्हे, शाळेच्या पानावरून. म्हणजे तशीच्या तशी बंदी उद्या इथे आली असती तरी तुमच्या घरी हे घडलंच असतं. शिवाय माझी एक भीती आहे, ती स्पष्टच सांगते. आपल्या घरांत बंदी आली की ती मुलींवर पाळली जाते आणि मुलांवर फक्त ओरडली जाते.

जन्मठेपेबद्दल. ते तिघे दहावीतले आहेत, म्हणजे अठराच्या आतले. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाणार. तिथे समुपदेशन, देखरेख, फार तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृह, असे आदेश होऊ शकतात. प्रौढ म्हणून खटल्याचा विचार होतो तो सोळा ते अठरा वयाच्या मुलांचा, आणि तोही फक्त अत्यंत घृणास्पद गुन्ह्यांत. तुम्हाला हे अन्यायाचं वाटेल. पण जन्मठेपेचं नाव निघालं की गावात काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. त्या मुलांचे वडील, चुलते, सरपंच, सगळे "पोरांचं आयुष्य बरबाद होईल" म्हणून तुमच्या दारात बसतील. मुख्याध्यापक आणखी दाबतील. शिक्षा जेवढी अवाढव्य, तेवढी तक्रार मागे घ्यायला लावण्याची घाई मोठी. मुलांना धाक बसतो तो शिक्षा नक्की होणार याचा. आणि त्या तिघांची नावंही कुठल्या फलकावर, पोस्टवर टाकू नका, त्यालाही कायद्याची मनाई आहे.

"महाराष्ट्राचा वेगळा कायदा" या मागणीचा इतिहास तर आपल्या समोरच आहे. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एकमताने मंजूर केलं. कडक शिक्षा होत्या, समाजमाध्यमांवरच्या छळाचाही विचार होता. केंद्राच्या कायद्यांना छेद जात असल्याने राष्ट्रपतींची संमती लागणार होती. ती मिळाली नाही आणि विधेयक अमलात आलंच नाही. चारशे सह्यांचं बळ त्याच वाटेवर खर्च करावं असं मला वाटत नाही.

कायदा घाईने आणि ढोबळ शब्दांत केला तर काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचं कलम होतं. लोकांना ऑनलाइन त्रासापासून वाचवायचं असा त्याचा हेतू सांगितला जायचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते 'लाइक' केलं, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. मुलांच्या नावाने मागितलेला कायदाही असाच मुलांवर उलटू शकतो, म्हणून मागणीतला प्रत्येक शब्द महत्त्वाचा.

मग मागायचं काय? तुमच्या बाबतीत साखळी कुठे तुटली, ते एकेक करून बघा, मागण्या आपोआप हाती येतील. शाळेने मुलींचे फोटो पालकांना न विचारता जगजाहीर केले. कळल्यावर पोलिसांना कळवलं नाही. ठाणं आणि सायबर शाखा यांनी तुम्हाला एकमेकांकडे टोलवलं. यातल्या तिसऱ्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. छोट्या ठाण्यात निरीक्षक असतो एखादा, कुठे तोही नसतो, आणि त्याच्यामागे बंदोबस्तापासून सगळं असतं. पॉक्सोला ही अट नाही, म्हणून तुमच्या अर्जात पॉक्सो आधी लिहा म्हणते. पण कलम ७८ बदलून प्रशिक्षित उपनिरीक्षकांनाही तपासाचा अधिकार द्या, ही मागणी नेमकी आहे. ती केंद्राकडे जाते, म्हणजे तुमच्या खासदारांकडे. ते लोकसभेत नियम ३७७ खाली विषय मांडू शकतात, मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारू शकतात. खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर खासदाराने स्वतः मांडलेलं विधेयक, आणा असा आग्रह धरू नका. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये.

शाळेच्या दोन मागण्यांसाठी दिल्लीची गरजच नाही. शिक्षण विभाग राज्याचा आहे. पालकांच्या लेखी संमतीशिवाय विद्यार्थ्यांचा फोटो शाळेने समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, आणि ऑनलाइन छळ कळल्यापासून २४ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं, असा शासन निर्णय निघू शकतो. शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. तुमच्या शाळेत ती समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. तसाच दुसरा अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात : गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात ६७-ब खाली किती गुन्हे नोंदले, किती दोषारोपपत्रं दाखल झाली, तपासाला किती निरीक्षक आहेत. हे आकडे हातात असतील तर तुमच्या आमदारांना तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना लिहून द्यावी लागणार नाही, ती जवळजवळ तयारच असेल. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे आमदारांमार्फत अर्ज करता येतो. राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तर थेट.

यजमानांना हेरवाडची गोष्ट सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हाच कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. मोर्चा नव्हता, नेमक्या शब्दांतला एक ठराव होता. तुमच्या ग्रामसभेत, नगरपालिका असेल तर सर्वसाधारण सभेत, शाळांतल्या फोटोंबद्दल असा ठराव का होऊ नये?

आणि दिल्लीबद्दल ते म्हणतात ते पूर्ण खरं नाही. ज्या सायबर पोर्टलवर तुम्ही तक्रार टाकणार आहात, त्याची सुरुवात एका पत्राने झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये हैदराबादच्या 'प्रज्वला' या संस्थेने, म्हणजे सुनीता कृष्णन यांनी, सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की बलात्काराच्या चित्रफिती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताहेत आणि तक्रार करायला धड जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. त्या सुनावण्यांतून ओळख न सांगता तक्रार करता येईल अशा पोर्टलची कल्पना पुढे आली, आणि २०१८ मध्ये ते सुरू झालं. तीन वर्षं लागली. तुम्हालाही वेळ लागेल. मुलगी तोवर कॉलेजात गेली असेल, आणि तिने या सगळ्यापासून दूर राहायचं ठरवलं असेल तर तेही ठीक.

जमलेल्या सह्या फेकू नका, पण त्या कागदावरचा मजकूर बदलतो आहे हे प्रत्येक सही करणारीला सांगून नव्याने सही घ्या. जन्मठेपेच्या मागणीखालची सही दुसऱ्याच निवेदनाला जोडणं बरोबर नाही, आणि उद्या कुणी हरकत घेतली तर सगळं निवेदन त्यातच अडकेल. नवं निवेदन एका पानाचं करा, मागण्या तीनच : फोटोंची संमती, २४ तासांत कळवणं, कलम ७८. मुलीचा, मुलांचा, शाळेचा उल्लेख नको. पहिल्या दोन मागण्यांची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना, तिसरीची खासदारांच्या कार्यालयात, आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. प्रथम खबर नोंदली गेली की मला कळवा. नाही नोंदली तरी कळवा, अधीक्षकांना पाठवायच्या अर्जाचा मसुदा आपण मिळून करू.